दोन खांबांमधली एकच जागा

नव्या हातमोज्यांना पहिल्या दिवशी रबराचा वास येतो. आठवडाभरात त्यात माती मिसळते, घाम मिसळतो, आणि महिना उलटला की ते ज्याचे असतात त्या माणसाचाच वास त्यांना येऊ लागतो. हिवाळ्यातल्या सकाळी छावणीच्या मैदानावर बोटांना ऊब यावी म्हणून मी ते तोंडाशी धरत असे, आणि त्या दमट, उग्र गंधात डोळे मिटले की मला दिसे ते लांबवर पसरलेलं हिरवं मैदान, दिव्यांचे उंच मनोरे आणि हजारो अनोळखी माणसांचा जमलेला श्वास. ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी माझं नाव घेतं आहे, असंही ऐकू येई. डोळे उघडले की पायाखाली मुरूम असे. त्यावर एकदा अंग झोकून दिलं की कोपराची साल निघे, आणि स्वप्न तेवढ्यापुरतं थांबे.

मी गोलकीपर होतो. फुटबॉलमधल्या बाकीच्या दहा जणांना खेळाची मोकळी उधळण ठाऊक असते. गोलकीपरच्या वाट्याला मात्र संशय येतो. हा चेंडू दिसतो तसा सरळ येतो आहे का? समोरचा डावीकडे बघतो आहे, तो मला फसवण्यासाठी तर नाही? आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून चेंडू वळला तर? नव्वद मिनिटं असं साशंक उभं राहायचं, आणि त्यालाच कौशल्य म्हणायचं. पण मैदानावर बाळगलेला संशय मैदानाबाहेर पडताना काढून ठेवता येतो, असं मला तेव्हा वाटत असे. तुम्हीच सांगा, रोज हाताशी असलेलं हत्यार माणूस किती सहज खाली ठेवतो?

ही विद्या मला विल्सनदादांनी दिली. त्यांचे वडील लष्कराच्या भटारखान्यात होते. घर छावणीच्या बाजारामागं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, उंच, शांत, आणि समुद्रकाठच्या एका व्यावसायिक क्लबचे गोलकीपर. सुट्टीत गावी आले की सकाळी मैदानावर येत. मी बजाजनगरहून सायकल मारत त्यांच्यासाठी जाई. त्यांनी मला उभं राहायला शिकवलं, पडायला शिकवलं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे थांबायला शिकवलं. "दिगू, आधी पडू नको," ते म्हणायचे. "समोरच्याला आधी पाय उचलू दे. जो घाई करतो ना, तो आपलं मन दाखवून बसतो."

पुढं त्यांच्याच शब्दावर मला त्या क्लबात चाचणीला बोलावलं आणि करार झाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाळूजला एका कारखान्यात प्रेसवर कामाला होते. करारपत्र त्यांनी दोनदा वाचलं, घडी करून कपाटात ठेवलं आणि कामावर गेले. आईनं मात्र आळीभर पेढे वाटले.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी त्या वयात मी कुणालाच सांगितली नसती. तरुण खेळाडूच्या स्वप्नाविषयी लोक फार सुंदर बोलतात. जिद्द, ध्यास, तपश्चर्या. ते सगळं असतंच. पण राखीव गोलकीपरच्या स्वप्नाला एक काळी कड असते. पुढच्या फळीत तीन जण खेळतात, मध्यात चार; तिथं कुठंतरी जागा होते. दोन खांबांमध्ये जागा एकाच माणसाची असते. त्यामुळं मी माझं नाव पुकारलेलं ऐकत असे तेव्हा दुसरं एक नाव पुकारलं जात नसे, आणि ते नाव विल्सनदादांचं असे. ज्या माणसानं मला तिथवर आणलं, तो पडल्याशिवाय माझं स्वप्न उभं राहणार नव्हतं. हे कळलेलं मन निर्मळ कसं राहील?

म्हणून मी सगळ्यांकडं बघू लागलो. कोच आज कुणाच्या खांद्यावर हात ठेवून बोलले? सरावात उंच चेंडू मलाच जास्त का आले? विल्सनदादा जेवताना आपल्या ताटातलं अंडं मला देत, आणि मी ते खाताना विचार करत असे की यामागं काय असेल. मायेचा अर्थ लावत बसणं हे किती दरिद्री काम आहे, हे मला आज कळतं. तेव्हा मी त्याला सावधपणा म्हणत होतो.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघं छावणीच्या मैदानावर सराव करत होतो. त्यांनी डाव्या कोपऱ्यात चेंडू मारला, मी झेपावलो आणि डाव्या खांद्यावर पडलो. आत काहीतरी ओलं कापड फाटावं तसं झालं. मी उठलो, हात झटकला, हसलोसुद्धा. ते जवळ आले. त्यांनी माझा हात धरून वर नेला. कानापर्यंत येण्याआधीच माझा चेहरा पांढरा पडला असावा.

"डॉक्टरला दाखव," ते म्हणाले.

"दाखवतो. पण दादा, क्लबात कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू? खांदा तुझा हाय. सांगायचं ते तू सांग."

मी डॉक्टरला दाखवलं नाही. नव्या मोसमात मला पहिल्या संघात उतरवायचं कोचच्या मनात आहे, अशी कुजबुज कानावर आली होती. एवढ्या वर्षांची वाट एका खांद्यापायी सोडायची? घरी आई तेल चोळायची आणि मी म्हणायचो, झोपेत आखडला. एकदा खोलीत सदरा डोक्यावरून काढताना मी अडकलो. हात वर जाईना, खाली येईना. दारात अण्णा उभे होते. त्यांनी सदरा सोडवला.

"लागलंय का?"

"नाही."

"मला खरं सांग, दिगू."

"नाही म्हणलं ना, अण्णा."

ते पाणी प्यायला आत गेले.

क्लबात परतलो. गोळ्या घेऊन, पट्ट्या बांधून, डाव्या बाजूचे चेंडू उजव्या हातानं अडवण्याच्या नाना युक्त्या करत मी महिना काढला. विल्सनदादा रोज सकाळी हलक्या आवाजात विचारत, बरा हाय का. मी मान डोलवत असे. आणि मग तो दिवस आला. पहिल्या सामन्याच्या यादीत गोलकीपर म्हणून माझं नाव लागलं. यादीसमोर मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. विल्सनदादांनी पाठीवर थाप मारली, तीही उजव्या बाजूला.

सामन्याला तीन दिवस उरले असताना कोचनी मला खोलीत बोलावलं. "दोनों हाथ ऊपर करो," ते म्हणाले. उजवा गेला. डावा अर्ध्यात थांबला. त्याच दुपारी तपासणी झाली. आतला स्नायू फाटला होता, शस्त्रक्रिया करावी लागणार होती, आणि तो मोसम माझ्यासाठी तिथंच संपला. मी एवढंच विचारलं, "कुणी सांगितलं?" कोच म्हणाले, "जिसने बोला, तुम्हारे भले के लिए बोला."

मला वेगळं उत्तर नकोच होतं. खांदा कुणाला माहीत होता? एकालाच. माझ्या जागी कोण उतरणार होतं? तोच. एकेक आठवण मी नव्या उजेडात लावून बघितली आणि प्रत्येक आठवण नेमकी बसली. रोजची ती विचारपूस मायेची नव्हतीच, खात्री करून घेण्याची होती. यादी लागली त्या दिवशी ते लवकर निघून गेले, ते उगाच का? संशयाचं हे वैशिष्ट्य आहे बघा, त्याला पुरावा कधी कमी पडत नाही.

सामना विल्सनदादा खेळले. मी गळ्यात हात अडकवून बाकावर बसलो होतो, आणि तिथून मला काही दिसलं. मनोऱ्यांचे दिवे लागल्यावर येणारा उंच चेंडू ते उशिरा हेरत होते. मान तिरपी करत, डोळे बारीक करत. मग मागचं आठवलं. फलकावरची सूचना ते अगदी जवळ जाऊन वाचत. संध्याकाळच्या सरावात उंच चेंडू आले की मला पुढं करत, आणि मला वाटे ते माझी परीक्षा घेत आहेत. ते स्वतःचे डोळे लपवत होते. माझ्यासारखेच.

मी त्यांना विचारू शकलो असतो. त्यांनी मला जे सांगितलं होतं, तेच मीही म्हणू शकलो असतो की डोळे तुमचे आहेत, सांगायचं ते तुम्ही सांगा. त्याऐवजी मी कोचच्या खोलीचं दार वाजवलं. संघाच्या हितासाठी सांगतो आहे, असं म्हणालो. ते वाक्य मी वाटेत दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागल्यावर, कोचनी त्यांना गोलमध्ये उभं केलं आणि इतरांना त्यांच्यावर एकामागून एक उंच चेंडू मारायला लावले. सगळा संघ बघत होता. पहिला त्यांनी धरला. दुसरा बोटांना लागून आत गेला. पुढचे तर त्यांना दिसलेच नाहीत. ते रिकाम्या हवेत हात वर करत होते. कुणी हसलं नाही. पंधरा दिवसांत क्लबनं त्यांना मोकळं केलं. निघताना ते माझ्या खोलीच्या दाराशी आले, म्हणाले, "ऑपरेशननंतर घाई करू नको," आणि गेले. मला त्या बोलण्यातही कुचेष्टा ऐकू आली.

शस्त्रक्रिया होऊन मी घरी आलो. एका रविवारी दुपारी अण्णा आणि मी ओट्यावर बसलो होतो. ते भुईमुगाच्या शेंगा फोडून दाणे माझ्यापुढं ठेवत होते, कारण मला एका हातानं ते जमत नव्हतं. बोलता बोलता ते म्हणाले, "तुझा तो कोच माणूस बरा हाय. माझं हिंदी असलं मोडकं, तरी पुरतं ऐकून घेतलं त्यानं."

मी दाणा तोंडात नेता नेता थांबलो. "तुम्ही कधी बोललात त्यांच्याशी?"

"तुझ्या मॅचच्या आधी. कराराच्या कागदावर क्लबचा नंबर हुता." त्यांनी आपला डावा हात शेंगांमध्ये ठेवला. त्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. मी जन्मलो त्या वर्षी प्रेसखाली गेलेली. "ह्या बोटांना आठ दिस आधीपासून मुंग्या येत हुत्या. मी कुणाला बोललो नाय. सुपरवायझर मला मोठ्या मशीनवर घेणार हुता, ते जाईल म्हणून. तुझा सदरा अडकला तवा मला सगळं कळलं. तू माझ्यावर राग धरशील हे बी कळलं. धर. पर हात ऱ्हायला पायजे, दिगू."

मला त्यांच्यावर राग आला नाही. मला काहीच आलं नाही. ज्या भिंतीला मी इतके दिवस पाठ लावून उभा होतो, ती भिंतच तिथं नव्हती, एवढं मात्र कळलं. अण्णा शेंगा फोडत राहिले.

विल्सनदादांकडं जायला मला नऊ दिवस लागले. बजाजनगर ते छावणी अंतर किती? बसनं तासभरही नाही. घराच्या पडवीत ते चष्मा लावून बसले होते. एका शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून लागले होते. रूथवहिनींनी चहा आणला, माझ्या खांद्याची चौकशी केली आणि आत गेल्या. मी सगळं सांगितलं, काहीही मऊ न करता. अण्णांचा फोन, माझा संशय, कोचचं दार, आणि वाटेत घोकलेलं वाक्य.

त्यांनी कप खाली ठेवला. "तू सांगितलं हे मला त्याच सांजेला कळलं," ते म्हणाले. "पण का सांगितलं ते कळत नव्हतं. आज कळलं."

"दादा, मला माफ करा."

"डोळे माझे खराबच हुते. आज ना उद्या जायचंच हुतं. पण मी स्वतःहून गेलो असतो, दिगू. हात हलवून, सगळ्यांचा निरोप घेऊन गेलो असतो. तेवढं ऱ्हायलं." मग म्हणाले, "आता चहा पी आणि जा. काही दिवस येऊ नको."

मी चहा संपवला आणि निघालो.

पुढच्या मोसमात ती जागा मला मिळाली. दिव्यांच्या मनोऱ्यांखाली, ध्वनिक्षेपकावरून, जसं ऐकलं होतं तसंच माझं नाव पुकारलं गेलं, आणि बजाजनगरच्या चौकात लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं आईनं सांगितलं. ते काही मोसम मी चांगला खेळलो. खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. स्वप्न पुरं होतं तेव्हा ते कुठल्या वाटेनं आलं, याची विचारणा आनंद करत नाही. ती नंतर, एकटेपणी, आपणच करतो.

विल्सनदादांकडं मी पुन्हा जाऊ लागलो, पण वर्षं गेल्यावर. ते बोलतात, पावसापाण्याचं, शाळेतल्या पोरांचं. फुटबॉलचं आम्ही दोघंही काढत नाही. एकदा फाटकापर्यंत पोचवायला आलेल्या रूथवहिनी म्हणाल्या, "तुझी मॅच असायची ना, तवा हे खुर्ची उचलून टीव्हीला नाक लावून बसायचे. कुणाला मधी बोलू देत नव्हते."

माझ्या मनात लगेच आलं की वहिनी स्वभावानं मायाळू आहेत. मला बरं वाटावं म्हणूनही त्या असं म्हणतील. खरंखोटं करणं अवघड नव्हतं. दादा आत पडवीतच होते, चार पावलांवर, आणि ते कधी खोटं बोलत नाहीत. मी फाटक ओढून घेतलं आणि बसच्या थांब्याकडं चालू लागलो. तेवढं मी आजवर विचारलेलं नाही.