टोपलीखालचं पीठ

गेल्या कार्तिकातला पहिला मंगळवार, फी तीनशे रुपये. पांढुर्ण्याच्या त्या खोलीत मी, माझी बायको आणि समुपदेशक बाई असे तिघेच होतो.

आई गेली तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या खोलीत पीठ पसरून वर टोपली पालथी घातली होती. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला हे कळावं म्हणून, पिठात कोणाचं पाऊल उमटलं, ते सकाळी थोरल्या मुलानं बघायचं असतं. मी उद्या बघतो म्हणालो, कुलूप लावलं आणि वर्ष उलटलं. आता मुलगी बाळंतपणाला येणार होती आणि घरात दुसरी रिकामी खोली नव्हती.

"धीर आला की उघडतो," मी म्हणालो.

"वर्षभर हेच ऐकून राहिली मी," बायको म्हणाली. "तोवर नातू शाळेत जाईन."

बाई हसल्या. "जपानमध्ये एक उपचार आहे. भीती घालवत बसायचं नाही. ती राहू द्यायची आणि समोरचं काम करायचं. उद्या झाडू घ्या."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी कुलूप काढलं आणि टोपली उचलली. पीठ गुळगुळीत होतं. मागे वळलो. धुळीत माझी पावलं आत आलेली दिसत होती. त्यांच्याशेजारी आणखी काही पावलं होती, माझ्यापेक्षा लहान, टोपलीपासून दाराकडे गेलेली.

मी खोली झाडली. भीती तेवढीच राहिली, फरशी मात्र स्वच्छ झाली.

पुढच्या आठवड्यात रंगाऱ्यानं काम संपवलं. "भाऊ, दारापाशी कोणी उभं असल्यासारखं वाटून राहिलं होतं."

"मलाही वाटते," मी म्हणालो आणि ठरलेले अडीच हजार रुपये त्याच्या हातात दिले.