अस्वलाले सरळ भिंत कायले पायजे

माही नात कॉलेजात जाते. सुट्टीत घरी आली का मोबाईलवर घर बांधत बसते. त्या खेळात जंगलात एकटंच राहा लागते अन् लाकडं तोडून भिंती उभ्या करा लागते, नाही तं अस्वल येऊन मारते. तिच्या तीन भिंती झाल्या. चौथीची एक फळी जराशी तिरपी बसली, तं पोरगी सारी भिंतच मोडून पुन्हा लावून राह्यली.

म्या म्हटलं, "आधी भोक बुजव. सरळ मंग कर."

"आजी, वाकडं दिसते ना."

"अस्वल काय सोयरीक पाह्याले येऊन राह्यलं?"

हसली, पण ऐकलं नाही.

तिचा बाप पोटात होता तवा तांड्यातल्या आमच्या झोपडीची एक बाजू वाऱ्यानं पडली. घरवाला कामाले दूर गेलता. म्या एकटीनं तुराट्या उभ्या केल्या, बांधल्या, वरून शेणमाती लिपली. भिंत माह्यासारखीच पोट काढून उभी राह्यली. सासू म्हणे, "हे भिंत हाय का म्हैस?" तिसऱ्या रोजी त्याच भिंतीआड पोरगं झालं. सरळ करत बसली असती तं उघड्यावर झालं असतं.

इकडं नातीनं पुन्हा फळी मोडली अन् अस्वल आत शिरलं. सारं सामान गेलं. तोंड पाडून तिनं पहिल्यापासून घर सुरू केलं, अन् पहिल्याच फळीले एक डोळा मिटून पाहून राह्यली.

म्या म्हटलं, "अस्वलाले सांगून ठेव, बाईचं अजून सजवनं चालू हाय म्हणून."