जपायच्या टिकल्या

खळकाकूंना घाणीची किळस कधीच नव्हती. सगळं आयुष्य लोकांच्या चादरी धुण्यात गेलेलं. लॉजवरच्या चादरींत माणसं काय काय मागे ठेवून जातात, ते त्यांना विचारावं. रक्त, रस्सा, ओकारी, सगळं त्या हाताने चोळत आणि तोच हात धुऊन जेवायला बसत. कपड्याला खळ द्यावी तर त्यांनीच, आणि जीभही तशीच कडक, म्हणून गल्लीने नाव ठेवलेलं खळकाकू. अशा बाईला शिसारी यावी, आणि तीही एका स्वच्छ, हिरव्यागार बागेची, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण आली खरी.

धंदा दोघींचा, त्यांचा आणि धाकट्या जावेचा. पुढच्या खोलीत कपडे धुण्याची मशीन, मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, आणि मागचं दार उघडलं की मोकळं मैदान. मैदान कोणाचं, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. गल्लीतली बरीच घरं हाच धंदा करणारी, त्यामुळे सकाळपासून तिथे बांबू आणि दोऱ्या आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या चादरी. घरांच्या पुढच्या अंगाला मात्र उघडं गटार. नवा माणूस नाकाला रुमाल लावल्याशिवाय गल्लीत शिरत नसे. राहणाऱ्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग नियोजनवाले आले. नदीकाठची सगळी गावं आणि उपनगरं एकत्र धरून मोठी योजना आखायची होती. नावात न्याय होता, समानता होती, शाश्वत होतं, समुदाय होता. नाव वाचून होईपर्यंत हातातला चहा निवावा. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. योजनेच्या मुख्य बाई तोंडात साखर घेऊनच जन्मलेल्या. आम्ही शिकवायला नाही, तुमच्याकडून शिकायला आलोय, असं त्या म्हणाल्या, तेव्हा खळकाकूंना त्या चक्क आवडल्या. टेबलावर हा एवढा नकाशा पसरला होता. त्यावर चिकटवायला माणशी पाच टिकल्या, रंग ज्याचा त्याने निवडायचा. जे जपायचं तिथे हिरवी, जे बदलायचं तिथे लाल.

"ताई, आपल्या ताटात काय आहे ते लोकांना दाखवू नये," जाऊ कानाशी कुजबुजली.

काकूंनी तिला गप्प केलं. दाखवलं नाही तर यांना कळणार कसं? उलट त्यांनी हॉलभर फिरून गल्लीतल्या एकेकाला बजावलं, की लाल टिकली गटारावर वाया घालवायची नाही. वासाने कोणी मरत नाही, मैदान गेलं तर मात्र सगळे मरू. लोकांनी ऐकलं. मैदान हिरव्या टिकल्यांनी गच्च भरलं आणि गटार नकाशावर कोरं राहिलं. बाईंनी त्याचे फोटो काढले.

आणि मैदान जपलं गेलं. आधी बांबू उपटले, मग भिंत घातली, मग हिरवळ आली, बाकं आली, फाटकाशी शिट्टी घेतलेला रखवालदार आला. खळकाकूंच्या मागच्या दारासमोर हातभर अंतरावर भिंत. फाटकावर पाटी: कपडे वाळवण्यास सक्त मनाई. गटार होतं तसंच.

काकू तणतणत कार्यालयात गेल्या. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कौतुकाने तोच फोटो दाखवला. एवढं हिरवं दुसऱ्या कुठल्याच गल्लीने मागितलं नव्हतं म्हणे. मोकळ्या जागेवर हक्क सगळ्यांचा असतो, चार घरांच्या दोऱ्यांचा नाही, हेही त्यांनी गोड आवाजात समजावलं. आणि गटाराबद्दल तर तुमची तक्रारच नव्हती. वर म्हणाल्या, तुमच्यासारख्यांचा आवाज आम्हाला समितीवर हवा आहे. भीक नको पण कुत्रा आवर, असं काकूंना झालं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तोही हॉलभर फिरून, याची त्यांना बाईंइतकीच स्वतःचीही चीड आली.

चादरी आता खोलीत वाळू लागल्या, म्हणजे वाळेनाशा झाल्या. खाटेवर चादर, पंख्याखाली चादर, जेवताना डोक्यावर चादर. कुबट वास कशानेही जाईना. लॉजवाल्याने गठ्ठा परत पाठवला आणि पुन्हा असा माल आला तर दुसरीकडे देईन, असं कळवलं. गटार सोसलेल्या काकूंना त्या वासाने मळमळू लागलं.

अशात बागेच्या उद्घाटनाचं काम आलं. पाहुण्यांच्या खुर्च्यांची पांढरी कव्हरं धुऊन, सकाळी खुर्च्यांवर चढवून द्यायची. स्थानिकांना काम द्यायचं, हेही योजनेत बसत होतं. त्यांच्या तोंडावर फेका, असं जाऊ म्हणाली. काकू म्हणाल्या, घेऊ.

कव्हरं त्यांनी निगुतीने धुतली. मशीनमध्ये पिळली, इतकी की थेंब गळू नये. सकाळी दोघींनी ती खुर्च्यांवर चढवली. पांढऱ्यावर ओल दिसत नाही. कितीतरी दिवसांनी त्या मैदानावर त्यांचं कापड पसरलं होतं, रांगेने, पांढरंशुभ्र. काकू क्षणभर बघत राहिल्या.

पाहुणे बसले. भाषणं झाली. ही बाग लोकांनी स्वतः मागून घेतली, असं बाई म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. मग फोटोसाठी पुढची रांग उठली आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. कडक इस्त्रीच्या एकेका पँटवर मागे मोठा ओला डाग. बाई हाताने साडी चाचपत काकूंपाशी आल्या.

"काकू, हे ओलं कसं काय?"

"वाळवायची जागा होती," काकू म्हणाल्या. "तिच्यावर तुम्ही बसलायत."

बाई ओशाळल्या असत्या, निदान चिडल्या असत्या, तरी काकूंनी त्यांना माणसात धरलं असतं. बाईंनी मान डोलावली. "चांगली सूचना आहे. पुढच्या सभेत नक्की मांडा. टिकल्या असतीलच."

जाऊ तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती. खळकाकूंनी मात्र खुर्च्यांवरची कव्हरं ओढून काढली. कव्हरांचा ओला गठ्ठा काखेत मारून, दुसऱ्या हाताने त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि हिरवळीवरून चालत बाहेर पडल्या. फाटक ओलांडलं, गटाराच्या काठाशी आल्या, तेव्हा कुठे त्यांनी नाकावरचा रुमाल काढला.