‘न्हाई’चं बटण

दुसऱ्याच्या परसातला कढीपत्ता तोडायचा तरी तात्या विचारायचे. घरात कुणी नसलं तर झाडाकडे बघून म्हणायचे, "चार पानं घेतो रं बाबा," आणि मगच हात वर जायचा. पहिल्यांदा भेटले तेव्हा मी बैठकीसाठी त्यांच्या ओट्यावर सरळ जाऊन बसले होते. म्हणाले, "बस की पोरी. पन इचारलं अस्तंस तर म्याच बस म्हनलो अस्तो."

मी धरणग्रस्तांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. पत्रकात वाक्य छोटं लागतं आणि गुन्हेगार पहिल्याच ओळीत लागतो. तात्यांबद्दल तसं लिहिता येईना, म्हणून हे.

तात्यांचं गाव धरणाखाली गेलं. हिर्डोशीच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी वर सरकलेल्या वाडीत ते आणि काकू राहत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या घरांची जोती उघडी पडत. तात्या कुणातरी म्हाताऱ्या माणसाला धरून चिखलातून खाली नेत, आणि कुणाचं घर कुठं, उंबरा कुठल्या तोंडाला, पाणवठ्याची वाट कुठून, ते मोबाईलवर भरून घेत. प्रत्येक आवाजाच्या सुरुवातीला त्यांचाच आवाज असे : "इचारून घेतोय. आवाज भरू का?"

मोबाईल भरला की ते सगळं लेकीने पुण्याहून आणून दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकायचे आणि मोबाईल रिकामा करायचे. दुसरीकडे कुठंही काही नव्हतं. बोलणारी माणसं तर एकेक करून जातच होती.

त्या कॉम्प्युटरने एका दुपारी स्वतःच अपडेट सुरू केलं. "बंद करू नका" असं पडद्यावर लिहिलेलं होतं म्हणे, इंग्रजीत. वाडीत इंग्रजी वाचणारं कोण होतं? बाहेर परतीच्या पावसाचं आभाळ दाटलेलं. वीज कडाडली आणि काकूंनी वाडीतल्या प्रत्येक घरात करतात तेच केलं, मेन स्विच खाली ओढला.

तात्यांचा फोन आला. "पोरी, गोल फिरतंय, मग काळं व्हतंय, मग पुन्ना गोल. जत्रंतला पाळना झालाय."

मागून काकू कडाडल्या, "माज्यावर घालू नका! वीज चमाकली की मेन पाडायचा, ह्ये तुमच्याच आईनं शिकिवलंय मला!"

"तुजं काय चुकलं गं," तात्या म्हणाले. "त्यानंबी इचारलं न्हाई, तूबी न्हाई. जोडी जमली."

दुसऱ्या दिवशी मी भोरहून एसटीने वर गेले. चालू करता करता मुद्दाम बंद केला, पुन्हा चालू, पुन्हा बंद, तेव्हा कुठे दुरुस्तीचं पान उघडलं. आपोआप दुरुस्ती करून पाहिली; जमली नाही. नवं अपडेट काढून टाकायचा प्रयत्न केला. तेही जमलं नाही. शेवटचा पर्याय होता सगळं मुळापासून नव्याने बसवायचा. "तुमच्या फायली राहतील," असं त्याचं आश्वासन. आश्वासनांवर या खोऱ्यात कोण विश्वास ठेवतो? मी तिथेच थांबले.

मी संतापून म्हणाले, "तात्या, आधी काही विचारलं नव्हतं का यानं?"

"इचारायचं की रोज. दोन बटनं दावायचं. लेकीनं वाचून सांगितलं व्हतं, येक ‘आत्ता’ आन येक ‘नंतर’. म्या आपला ‘नंतर’ दाबायचो." मग म्हणाले, "‘न्हाई’चं बटन शोधलं लई. नव्हतंच. आमालाबी असंच इचारलं व्हतं बग. आत्ता उठता का नंतर?"

हे वाक्य माझ्या पत्रकात गेलं. त्यांना विचारून.

मग तात्यांनी कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळला आणि एसटीत लेकरासारखा मांडीवर घेऊन बसले. भोरच्या दुकानातला पोरगेला मेकॅनिक म्हणाला, "फॉरमॅट मारतो आजोबा. संध्याकाळपर्यंत नवाकोरा."

तात्यांनी डब्यावर हात ठेवला. "नवाकोरा नगं."

"आत एवढं आहे तरी काय?"

"गाव हाय."

मी सांगितलं, आधी हार्ड डिस्क बाहेर काढ, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोड, सगळं उतरवून घे, मग काय मारायचं ते मार. तो कुरकुरला, पण केलं. काही फायली उघडल्याच नाहीत. ते आवाज गेले ते गेलेच. तात्या प्रत्येकाचं नाव ऐकून नुसते मान हलवत होते. बायडाआत्या मात्र सापडली. तात्यांची सख्खी आत्या, वरच्या आळीची घरं ठाऊक असलेली शेवटची बाई. ती वारून वर्ष होत आलं होतं. तिचा आवाज दुकानात खणखणला : "हितं आमचा उंबरा. नीट बग, पाय द्यायचा न्हाई!"

भोरच्या चौकात आमचा मेळावा ठरत होता. मला तो आवाज कर्ण्यावर हवा होता. तात्यांनी फाईल दिली, पण बजावून. "भरायला व्हय म्हनली ती. वाजवायला कुटं इचारलंय? तिचा ल्योक दिनकर शिवऱ्याला अस्तो. म्या जाऊन इचारतो, मग बगू."

तात्यांचं जाणं झालं नाही. भात झोडायच्या दिवसांत छातीत कळ आली, आणि वाडीवरून खाली न्यायला गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं. त्या रस्त्यावर मी वेगळं पत्रक काढलंय. इथे तो राग नको.

शिवऱ्याला मीच गेले. दिनकरभाऊंचं हायवेला उसाच्या रसाचं दुकान आहे. विचारलं, "आत्याचा आवाज आहे. लावू का?" त्यांनी चरक बंद केला. आधी तात्या बोलले, "इचारून घेतोय. आवाज भरू का?" मग आत्या. दिनकरभाऊ खाली बघत शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"चौकात वाजवू का?"

"न्हाई." डोळे पुसत म्हणाले, "आईला लई हापिसांच्या दारांत उभी क्येली सायबांनी. आता चौकात न्हाई उभी करायची."

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं : भाऊ, लोकांच्या भल्यासाठी आहे. गाव उठवताना यांना हेच सांगितलं होतं, याच शब्दांत.

आवाज मी त्यांच्या मोबाईलवर दिला. मग माझ्या मोबाईलवरून काढायला घेतला. मोबाईलने विचारलं, नक्की काढू का? खाली दोन बटणं होती, ‘होय’ आणि ‘नाही’. ‘नाही’कडे मी जरा वेळ बघत राहिले. तात्यांना दाखवायला हवं होतं.

मग ‘होय’ दाबलं.