पाचटाचा कोळसा

सुरतेबाहेर चलथाणला आमचं घर रांगेत शेवटचं आहे. मागची भिंत संपली की उसाचं शेत. शहरातल्या उधन्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही इथं आलो ते सासऱ्यांसाठी. धुळ्याकडून ते तरुणपणी सुरतेत आले आणि आयुष्यभर लूमवर उभे राहिले. सुताच्या तुसानं छाती धरली होती. मोकळ्या हवेत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पहिल्याच हिवाळ्यात मागचा ऊस तुटला आणि रानात पडलेल्या वाळक्या पाल्याला, पाचटाला, शेतमालकानं काडी लावली. अंगणात काळे कपटे पडले. संध्याकाळपर्यंत सासऱ्यांना श्वास घेता येईना, त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

ते घरी आल्यावर मी शेतमालकाकडे गेले, भांडायच्याच तयारीनं. वयस्कर गुजराती गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेन, मला काय जाळायची हौस आहे? मजूर मिळत नाहीत. थोडं राहिलंय जाळायचं, तुम्हाला पाहिजे तर घेऊन जा."

"पाठवा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाचटानं भरलेली ट्रॉली खरंच आमच्या परसात रिकामी झाली. नवरा कामावरून आला आणि ढिगाला वळसा घालून आत गेला.

मग मी मोबाइलवर शोधू लागले. पाल्याचा कोळसा करून मातीत घालतात, त्याला बायोचार म्हणतात, असं कळलं. सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "कोळसा वावरमा कोन टाकस?"

धूर लागू नये म्हणून त्यांना नवागामला नणंदेकडे धाडलं आणि परसात खड्डा खणला. पहिल्यांदा मी सगळा पाला एकदम कोंबला. नुसता धूर झाला, शेवटी राख उरली. शेजारीण खिडक्या लावून बसली. पुढच्या खेपेला थोडाच पाला घेतला, वरून पेटवला, पांढरी राख दिसू लागली की त्यावर दुसरा थर टाकत गेले. धूर फारच कमी झाला. शेवटी बादल्यांनी पाणी ओतलं. हातात काळा, हलका, कुरकुरीत कोळसा आला. मला फार बरं वाटलं.

तो तसाच वांग्यांच्या वाफ्यात मिसळला आणि वांगी पिवळी पडली. पुन्हा वाचलं तेव्हा समजलं, कोळसा आधी शेणकाल्यात मुरवायचा असतो, नाहीतर तो मातीतलं खत स्वतःच ओढून घेतो. शेण मागायला त्याच शेतमालकांकडे जावं लागलं. कशाला हवंय म्हणून ते बघायला आले आणि खड्ड्यापाशी बराच वेळ थांबले.

मुरवलेल्या कोळशावर लावलेली वांगी चांगली धरली. सासरे नवागामहून परतल्यावर रोज माती उकरून बघायचे. पाणी दिल्यावर ओल टिकते, हे त्यांनीच शेतमालकांना दाखवलं.

यंदा ऊस तुटल्यावर शेतमालकांनी आमच्या बाजूचं पाचट जाळलं नाही. थोड्याचा बांधावर कोळसा केला, बाकीचं सऱ्यांमध्ये पसरून ठेवलं. पलीकडचं मात्र पेटवलंच. पेटवण्याआधी घरी येऊन सांगून गेले. आम्ही दारं-खिडक्या लावून घेतल्या. सासऱ्यांना थोडा खोकला झाला, दवाखान्यात जावं लागलं नाही. पलीकडच्या तुकड्याचं पुढच्या वर्षी बघू, असं शेतमालक म्हणालेत.