झुंबरबाईला वाचून दाखवलेलं पत्र

आमच्या गावचं पोस्ट म्हणजे एक टेबल, एक लोखंडी पेटी, एक शिक्का आणि मी, पितांबर. खात्याच्या कागदावर मी शाखा डाकपाल, गावाच्या तोंडी पोस्टमास्तर. साक्रीहून पिंपळनेरकडे जाताना आत वळलं की आमचं गाव. इतक्या आडगावच्या पोस्टाला सरकार जागा देत नाही, ती आपली आपण शोधायची. माझं घर दीड खोलीचं, म्हणून लीलाधर नानांनी आपल्या घराची पुढची खोली मला वापरायला दिली होती. नाना गावातले वजनदार माणूस, आमच्या आळीतला एकुलता एक ट्रॅक्टर त्यांचा. पाहुणे आले की, "हाई आमनं पोस्ट," असं ते म्हणायचे, आणि मीही ते ऐकून घ्यायचो. ऐकून घेण्यात माझा हातखंडा होता.

झुंबरबाई त्याच घरात राहायची. नानांचा धाकटा भाऊ चिंधा, त्याची ती बायको. मधे अंगण, एका बाजूला नाना आणि त्यांची बायको शेवंताबाई, दुसऱ्या बाजूला ही दोघं. नाना तिचे थोरले दीर, आमच्याकडे जेठ म्हणतात. जेठासमोर बाईने तोंड दाखवायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. नाना अंगणात यायच्या आधी खोकायचे, ही पदर नाकाखाली ओढून भिंतीकडे वळायची, आणि नाना दुसरीकडे बघत निघून जायचे. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, या दोघांत एक शब्द झाला नव्हता. गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

मी चिंधापेक्षा लहान, म्हणून माझ्याशी बोलायची तिला मुभा होती. १९९० सालच्या जूनमध्ये, नाना पिंपळनेरला गेलेले बघून ती पोस्टात आली आणि दाराआड उभी राहिली.

"भाऊ, एक पत्र लिखनं शे. पन हाई गोट आठेच ऱ्हायली पाहिजे, कोनले सांगू नको."

ज्या माणसाबद्दल पत्र लिहायचं, त्याच्याच घरात येऊन लिहायचं. दुसरा इलाज नव्हता. चिंधाला सहीपुरतं लिहिता येई. शाळेचे गुरुजी साक्रीहून येऊन-जाऊन करायचे, आणि त्यांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत एसटीतल्या सगळ्यांना ठाऊक व्हायची.

तिची गोष्ट गावाला माहीत होती. तीन वर्षांपूर्वी तिची एकुलती मुलगी बेबा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. भर उन्हाळ्यात सकाळीच कळा लागल्या. सुईणीने तपासलं आणि म्हणाली, मूल आडवं आहे, साक्रीच्या दवाखान्यात न्या. चिंधा भावाकडे, बेबाच्या मोठ्या बाबाकडे, धावला. नानांची ट्रॉली कांद्याने भरून बाजाराला निघालेली. ते म्हणाले, पहिलटकरणीला वेळ लागतो, कांदा उतरवून मी हा आलोच. बाजारात आधीच्या गाड्यांची रांग लागली होती. नाना परत आले ते साडेचार तासांनी. बेबा आणि तिचं बाळ दोघंही साक्रीच्या वाटेवरच दगावली.

नानांनी कपाळ बडवून घेतलं, दोन दिवस जेवले नाहीत. पण झुंबरबाईशी ते बोलू शकत नव्हते आणि ती त्यांच्याशी. मग सगळं गाव तिच्याशी बोललं. नानांनी मुद्दाम केलं का, झुंबर? सोडून दे आता. जो तो तिला माफीचा उपदेश करून घरी जेवायला जायचा.

तिच्याकडे एक ट्रान्झिस्टर होता. दुपारी बायकांच्या कार्यक्रमात जळगाव आकाशवाणीवर सुगंधाबाई नावाच्या एक प्राध्यापिका मनाच्या दुखण्यांविषयी बोलायच्या, आणि ज्यांना जळगावला येता येत नाही त्यांनी पत्र लिहावं, मी उत्तर देईन, असं सांगायच्या. आमच्यापासून जळगाव म्हणजे दीड दिवसाचं काम, तेही नवऱ्याला कारण सांगून. पत्र मात्र कारण न सांगता जातं.

"बाईले विचार, माफ कसं करतस," झुंबरबाई म्हणाली. "नाना मुद्दाम थांबनात नही, हाई माले माहीत शे. माले माफ करनं शे. व्हत नही. त्यासना खोकलाना आवाज उना का मन्हा घास गयामाच ऱ्हास."

मी लिहिलं. चांगल्या, शुद्ध मराठीत लिहिलं, अक्षर माझं छापल्यासारखं. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट आत घातलं. आलेली पत्रं घरी नेली तर चिंधा कुणाकडून तरी वाचून घेईल, म्हणून ती माझ्याच पेटीत ठेवायची असं ठरलं.

अडीच आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात प्रश्नच होते. झोप लागते का? ते दिसले की काय होतं? तुम्ही त्यांना कधी काही बोललात का? तिने प्रश्नांची उत्तरं दिली, मी लिहिली. शेवटच्या प्रश्नावर ती थोडी हसली. "जेठसंगे कोन बोलस? लिख, कधीच नही."

दुसरं उत्तर श्रावणाच्या तोंडावर आलं. ती येण्याआधी मी ते एकट्याने वाचलं, कारण अडखळत वाचणं मला आवडत नाही. वाचलं आणि उठून दार लोटून घेतलं. सुगंधाबाईंनी लिहिलं होतं:

"झुंबरबाई, माफ करायला तुम्ही बांधलेल्या नाही. ज्या माणसाला तुम्ही आजवर एक शब्दही बोलला नाहीत, त्याला माफ कसं करणार? आधी तुमच्यावर काय गुदरलं ते त्यांना समोर उभं राहून सांगा. रागाने सांगा, रडून सांगा, पण त्यांना ऐकू द्या. माफीचं पुढे बघू. झाली तर होईल. नाही झाली तरी तुम्ही वाईट ठरत नाही."

मला राग आला तो त्या बाईंचाच. जळगावात पंख्याखाली बसून सांगायला काय जातं? इथे जेठासमोर तोंड उघडलेली बाई गावात राहील कशी? चिंधा तिला घरात ठेवील? आणि पत्र कुणी वाचलं तर पितांबरने, म्हणजे आग लावली कुणी तर पितांबरने. मग माझं टेबल, माझी पेटी आणि माझा शिक्का रस्त्यावर.

त्यात कानबाईचा सण आठ दिवसांवर आलेला. कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे असतात. तीन वर्षं झुंबरबाई नानांच्या नावाची मूठ घ्यायची वेळ आली की उठून जायची. म्हातारी माणसं म्हणायची, अशाने कुळाला बरं नाही. मला वाटलं, एवढं एक माझ्या हातून नीट झालं तर सगळ्यांचंच भलं होईल. आपलं भलं त्यात आधी मोजलेलं असतं, ते मला तेव्हा सुचलं नाही.

ती आली. मी पत्र हातात धरलं, कागदावरून नजर फिरवत ठेवली आणि वाचलं: "झुंबरबाई, मन मोठं करा. माणसाच्या हातून चूक होते. त्यांना मनोमन माफ करा, म्हणजे तुम्हालाच शांती मिळेल."

"असं म्हनस बाई?"

"हां."

"मंग करनं पडी. दिनमा कितला डाव म्हनू?"

मला काय माहीत? "सकाय-संध्याकाय," मी ठोकून दिलं.

त्या वर्षी तिने नानांच्या नावाची मूठ घेतली. सगळे एकत्र जेवले. शेवंताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हाताऱ्यांनी देवीला हात जोडले. मी परटघडीचा सदरा घालून पंगतीत बसलो होतो आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. झुंबरबाईने आपल्या पानातला रोट मोडला, तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. ते मी पाहिलं होतं.

पुढे ती वाळत गेली. सकाळी भाकरी थापताना ओठ हलायचे, संध्याकाळी चुलीपाशी हलायचे. माफ करं, माफ करं. अंगणात खोकला आला की घास तिथेच अडायचा. दिवाळीनंतर ती पुन्हा पोस्टात आली.

"बाईले लिख, तुमनं औषध माले लागू पडत नही. मनामाच काही खोट शे का, विचार."

मी लिहून घेतलं. तिने अंगठा उठवला. ती गेल्यावर ते पत्र मी पेटीच्या तळाशी घातलं. पाठवलं असतं तर सुगंधाबाईंनी विचारलं असतं, कसलं औषध? एकवीस वर्षांच्या नोकरीत पोस्टात आलेलं पत्र मी दाबून ठेवलं ते हे एकच. नियमाने त्यासाठी नोकरी जाते. माझी गेली नाही, कारण माहीत कुणाला होतं? ती रोज दारावरून जाताना विचारायची, उत्तर उनं का? मी मान हलवायचो. आपल्या घरात कोंडलेली बाई माझ्या खोटेपणात आणखी कोंडली गेली होती, आणि किल्ली माझ्या खिशात होती. मला लाज वाटायची. लाज वाटली तरी मी किल्ली काढली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी ती आली. नाना घरीच होते, आतल्या अंगणात बियाणाच्या शेंगा फोडत बसलेले. याआधी ते घरात असताना ती कधी पोस्टात आली नव्हती. दाराआड न थांबता ती थेट टेबलापाशी आली.

"पितांबरभाऊ, पेटी उघाड. बाईनं दुसरं पत्र काढ."

"काय झालं, अक्का?"

"आते रेडिओवर बोलनी ती. नाव नही लिधं. म्हने, एक बाईनी पोर पहिला बाळंतपणमा गई, जेठ कांदा लिसन बजारमा गयेल व्हता. म्हने, मी त्या बाईले लिखं, माफ कराले तू बांधेल नही. आधी त्याले सांग. म्हने, मंग तिन्हं पत्रच उनं नही." तिने टेबलावर हात ठेवला. "आते जसं शे तसं वाच."

रेडिओ मला ओलांडून तिच्यापर्यंत पोचेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पत्र काढलं. जसं होतं तसं वाचलं. ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. तिने मला शिवी दिली नाही, का केलंस असंही विचारलं नाही. तिने पदर ओढला आणि पोस्टातून आतल्या अंगणात उघडणाऱ्या दाराने ती निघून गेली.

मी खिडकीशी गेलो. ती अंगणाच्या कडेने नानांच्या पलीकडे, आपल्या घराकडच्या बाजूला गेली होती. तिची चाहूल लागताच नाना सवयीने उठले, तिच्याकडे पाठ केली आणि पोस्टाच्या बाजूच्या दाराकडे निघाले.

"नाना, जाऊ नका. आयका."

नाना थांबले. पाठ मात्र तशीच. जेठाने वळायचं नसतं.

"बेबा दारकडे तोंड करीसन पडेल व्हती," झुंबरबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पदराआड राहणारा नव्हता. "रस्तावर गाडी वाजनी का म्हने, मोठा बाबा उनात. तीन डाव म्हनी. चौथा डाव मी सांगं, हां, उनात, ट्रॅक्टर जुपी ऱ्हायनात. तिले बरं वाटनं. तुमनापायी मन्ही पोर खोटं आयकीसन गई. चार वरीस व्हयनात, हाई माले तुमले सांगनं व्हतं."

नाना वळले नाहीत. ती त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली, वाट बघत. मग पदर आणखी ओढून, खाली बघत, शेंगांच्या सुपाला वळसा घालून पोस्टात परत आली. दाराच्या चौकटीला धरून तिने मला विचारलं, "तुले आठून दिखनं व्हई. नानानं तोंड कसं व्हतं?"

मला दिसलं होतं. नानांचं तोंड माझ्या खिडकीकडेच होतं. ते रडत होते. तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले, पाणी मिशांवरून ओघळत होतं आणि पाठ हलू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धोतर आवळून धरलं होतं. मी ते तिला सांगितलं, एकही शब्द न वाढवता.

तिने माझ्याकडे पाहिलं. "खरं का?"

"खरं, अक्का."

"माफ करा, हाई बी तू असंच वाचं व्हतं," ती म्हणाली आणि घरी गेली.

मी दुसऱ्याच दिवशी नानांकडे गेलो. म्हटलं, तुम्हीच तिला सांगा, नाहीतर शेवंताबाईकडून निरोप द्या. नाना म्हणाले, "मी तिन्हासंगे कधी बोलनू नही. आते काय सांगू?" त्यांनी मला पोस्टाची खोली सोडायलाही सांगितलं नाही. दोन वर्षांनी ते गेले.

झुंबरबाई आता नीट जेवते असं चिंधा सांगतो. माफीचं काय झालं ते तिने मला सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड मला नाही. पण कधी वाटेत गाठ पडली, आसपास कुणी नसलं, की ती थांबते आणि विचारते, नानानं तोंड कसं व्हतं? मी सगळं पहिल्यापासून सांगतो. शब्दन्‌शब्द तेच. ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकते. तिला ते खरं मानायचंय हे मला दिसतं. मग ती डोक्यावरचं ओझं सारखं करते आणि मान हलवून निघून जाते.