देवापुढं बंद केलेली गाडी

खरं सांगते, त्या दिवशी मी देवाशी भांडले. आमची जुनी गाडी सकाळी एका सेल्फात सुरू व्हायची, पण तापल्यावर बंद केली की मेलीच. मेकॅनिकनं पेट्रोलचा पंप बदलला, सेन्सर बदलला, शेवटी हात टेकले. "ताई, इंजिनाच्या धगीनं नळीतलं पेट्रोल उकळतंय. वाटेत बंदच करू नका." तेव्हापासून आईला डायलिसिसला शहरात नेताना मी चावीला हातच लावत नसे.

चितेगावच्या पुढं मारुतीचं देऊळ लागतं. आईला तिथं गाडीतूनच हात जोडायचे असतात. मी थांबले, इंजिन चालूच. "देवापुढं हे काय घुरघुरणं!" म्हणत आईनं, मी काही बोलायच्या आत, चावी फिरवून गाडी बंद केली.

ऐन मे महिना. सेल्फ मारून मारून बॅटरी रडायला लागली. आईचे पाय सुजलेले, धाप लागलेली. आजचं डायलिसिस चुकवायचं नाय, असं डॉक्टरांनी बजावलेलं. माझं डोकंच फिरलं. देवळाकडं बघून ओरडले, "तुझ्या मानापायी बंद केली ना तिनं? मग आता तूच ये ढकलायला!"

"अगं, जीभ आवर!" आई म्हणाली.

तेवढ्यात मागून एक गाडी येऊन थांबली. बुरख्यातल्या एक बाई आणि त्यांचं कुटुंब, शहरातल्या छावणी भागात लग्नाला निघालेलं. "अम्मा कू हमारे साथ भेजो, आपा," बाई म्हणाल्या. जागा एकाचीच होती. अनोळखी माणसं, माझा जीव धजेना. आई मात्र जाऊन बसलीसुद्धा. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. दवाखान्याचं नाव सांगितलं आणि तिला त्यांच्या हवाली केलं.

मग रडत, चरफडत बॉनेट उघडलं. देवळातल्या रांजणाच्या पाण्यात ओढणी भिजवून नळीवर गुंडाळली. नळीत ताजं पेट्रोल चढावं म्हणून सेल्फ न मारता नुसती चावी फिरवून पंपाची गुणगुण ऐकली, बंद केली, पुन्हा फिरवली. ही युक्ती आधी कधीच लागू पडली नव्हती. त्या दिवशी इंजिन सुरू झालं. ओढणीनं की आणखी कुणी, मला ठाऊक नाय.

पोचले तर आई मशीनवर, आणि त्या बाई तिच्या उशाशी. घरच्यांना त्यांनी लग्नाला पुढं धाडलं होतं.

"तुम आए बगैर अम्मा कू छोड़ के कैसा जाती मैं?"

मी त्यांचे हात धरले. त्या गेल्यावर आईला म्हणाले, "तरी मी त्या मारुतीवर अजून चिडलेय."

"चिड की," आई डोळे मिटून म्हणाली. "माणूस घरच्यावरच चिडतं."